गळतं कुठं, दिसतं कुठं

साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे हंगाम संपला, की आमच्या केज-धारूरकडची माणसं ऊसतोडीवरून गावाकडं परततात. घर झाडून होतं, मुकादमाशी उचलीच्या हिशेबावरून वाजतं, आणि मग गोठ्यात पोत्यांखाली झाकून ठेवलेली मोटरसायकल बाहेर निघते. दिवाळीच्या आगेमागे उभी केलेली असते. किका मारमारून पाय दुखल्यावर ती एकदाची सुरू होते, मालक खूश होतो, अंबाजोगाईला पाहुण्यांकडं जाऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ऑइलचा डाग दिसतो. चैत्र-वैशाखात माझ्या गॅरेजपुढं उभ्या राहणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं हेच.

“जाताना चांगली होती हो मिस्तरी, उभ्या उभ्या काय झालं हिला?”

उभी राहिली, हेच झालं. इंजिनात जिथं जिथं फिरणारा दांडा बाहेर येतो, तिथं रबराचं एक कडं बसवलेलं असतं. त्याला ऑइल सील म्हणतात. त्या रबराची पातळ ओठासारखी कड दांड्याला चिकटून असते आणि तिच्या मागं बारीक गोल स्प्रिंग तिला दाबून धरते. गाडी रोज चालत असेल तर ही कड ऑइलनं ओली आणि मऊ राहते. सहा महिने उभी राहिली की कड वाळते, दांड्याला चिकटते, आणि पहिल्या किकेला सोलते. कागदाचं पॅकिंगही वाळून आकसतं. त्यात आमच्या बीड जिल्ह्याचा उन्हाळा. पारा बेचाळिशीच्या पुढं गेला की ऑइल पातळ होतं आणि हिवाळ्यात जी फट त्याला सापडत नव्हती, ती सापडते.

आमच्याकडं मोटरसायकल ही हौस नाही. बीड शहरापर्यंत रेल्वेच २०२५ साली पोहोचली. दूध, कांद्याची गोणी, दवाखाना, सोयरीक, बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं, सगळं दोन चाकांवर चालतं. त्यामुळं इथं गाडी म्हातारी झाली म्हणून कुणी टाकून देत नाही. एमएच २३ नंबरच्या, पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग करून घेतलेल्या गाड्या आजही रोज रस्त्यावर असतात. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, त्याच वर्षी तिकडं वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यातली किती पोरं तिथं कामाला लागली. पुढं १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. सीडीचंच ९७.२ सीसीचं, जवळजवळ आडवं पडलेलं सिलिंडर असलेलं इंजिन. माझ्याकडं सगळ्यात जास्त येतं ते हेच, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्यावरून सांगतो. बाकीच्या चार-स्ट्रोक गाड्यांना थोड्या फरकानं तेच लागू पडतं.

या इंजिनात ऑइल असतं जेमतेम ९०० मिलीच्या डब्यात मावेल एवढं. तेवढ्यावरच क्रँक, पिस्टन, कॅम, क्लच आणि गिअर, पाचही जणांचा प्रपंच चालतो. पंप ते खालून वर हेडपर्यंत ढकलतो, आणि काम करून ते आपोआप खाली उतरतं. इंजिन अखंड ओतलेलं नसतं. तुकडे जोडून केलेलं असतं, आणि प्रत्येक जोडावर कागदी पॅकिंग, रबरी ओ-रिंग किंवा ऑइल सील, यांतलं एक काहीतरी राखणीला बसवलेलं असतं. गळती म्हणजे या राखणदारांपैकी कुणीतरी दमला. प्रश्न एवढाच, की कोण? आणि इथंच लोक चुकतात.

पत्र्याच्या घरात पाणी टपकतं चुलीवर आणि भोक असतं पार दाराच्या वर. थेंब पन्हाळीच्या कडेनं आणि वाशावरून वाट काढत येतो. मोटरसायकलला तर त्यात वाऱ्याची भर. गाडी पन्नासच्या वेगानं निघाली की पुढचं ऑइल मागं फेकलं जातं, वरचं खाली उतरतं, आणि सगळं मिळून जमा होतं इंजिनाच्या पोटाखाली. मालक खाली वाकून बघतो. त्याला तिथला एकच बोल्ट ओळखीचा असतो, ऑइल सोडायचा. मग तो बोल्टच गुन्हेगार ठरतो.

गेल्या उन्हाळ्यात धारूरकडचे एक तात्या आले. दुधाचा धंदा, स्प्लेंडरला दोन्ही बाजूंनी कॅन. आल्या आल्या म्हणाले, “मिस्तरी, खालचा बोल्ट आवळून आवळून दमलो. आता त्यो आवळायचाच बंद झालाय.” बघतो तर बोल्ट नुसता फिरत होता. आटे गेलेले. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. दोघांची झटापट झाली की ॲल्युमिनियम हरणार हे ठरलेलं. वरून कुणीतरी बोल्टभोवती लांबीचा गोळा थापला होता. तो दगडासारखा वाळलेला, आणि त्याच्या कडेनं ऑइल आपलं निवांत येत होतं.

मी म्हणालो, “तात्या, आधी गाडी धुवू.”

“धुवायला न्हाय आणली, गळती काढायला आणली.”

हे मला रोज ऐकावं लागतं. पण माझ्या मते गळतीचं खरं काम धुण्यातच आहे. पाना नंतरचा. वर्षानुवर्षाचं ऑइल, काळ्या मातीचा फुफाटा आणि शेण-चिखल यांचा मिळून इंजिनावर जो लेप चढतो, त्यात नवं ऑइल कुठून येतंय हे डॉक्टरच्या यंत्रालाही दिसायचं नाही. इंजिन गार असताना ब्रश आणि डिझेल घेऊन तो लेप काढायचा. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून डिझेलच आलं. जवळ विडी-काडी नको. कार्बोरेटरचं तोंड आणि वायरींचे जोड प्लास्टिकनं बांधायचे. मग साबणाचं पाणी, मग फडकं, मग ऊन. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जुन्या गाडीच्या सीलवर आणि बेअरिंगवर सरळ धरू नये. घाण बाहेर निघायच्या ऐवजी पाणी आत जातं.

धुण्याआधी एक खात्री मात्र करून घ्यायची, की गळतंय ते इंजिन ऑइलच आहे. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. उडून गेला आणि वास राहिला तर पेट्रोल आहे, कॉक किंवा कार्बोरेटर बघा. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलकट कडी दिसत असेल तर ते शॉकअपचं ऑइल, त्याचा इंजिनाशी संबंध नाही. मागच्या रिमवर डाव्या बाजूला काळे चिकट शिंतोडे असतील तर ते बहुतेक चेनचं ग्रीस. चेनला हौसेनं ऑइल पाजणारे लोक स्वतःच गळती तयार करतात आणि आमच्याकडं घेऊन येतात.

तात्यांची गाडी वाळली, तसा मी अंगाला लावायच्या पावडरचा डबा काढला. ते हसायलाच लागले. पण पावडर हा आमच्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. धुतलेल्या, कोरड्या इंजिनावर सगळीकडून हलकी फुंकरायची, गाडी गरम होईपर्यंत फिरवून आणायची आणि बॅटरी घेऊन खाली बसायचं. कोरड्या पावडरीवर ऑइलची काळपट वाट स्पष्ट उमटते. ती वाट खालून वर आणि मागून पुढं अशी उलटी चालत जायची. जिथं ती संपते, म्हणजे जिच्या वरची आणि पुढची पावडर पांढरी राहिलीय, ती जागा खरी. थेंब कुठं पडतो याला काही किंमत नाही.

तात्यांच्या गाडीवर वाट पोटाखालून निघाली, ब्लॉकच्या खालच्या पंखांवरून पुढं गेली आणि हेडच्या खालच्या अंगाला, सायलेन्सरच्या नळीच्या शेजारी, एका गोल टोपणाशी थांबली. टॅपेट कव्हर. या आडव्या इंजिनात दोन टॅपेट कव्हर असतात. एक वर, सगळ्यांना दिसणारं. दुसरं एक्झॉस्ट वॉल्व्हचं, खाली तोंड करून लपलेलं. वरून ऑइल येऊन त्याच्यात साचतं आणि बाजूनं सायलेन्सरची नळी भाजत असते. त्याच्या आतली ओ-रिंग वर्षानुवर्षं भाजून प्लास्टिकच्या बांगडीसारखी कडक झाली होती. बोटांत धरून वाकवली तर मोडली. चहाच्या पैशात येणारी ती रिंग बदलली, गळती थांबली. खर्च आला तो आवळून मारलेल्या बोल्टचा. आत स्प्रिंगसारखे नवे आटे बसवावे लागले, त्याला हेलिकॉइल म्हणतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

आवळणं या विषयावर थोडं बोलू द्या. कव्हरच्या सहा मिलीच्या बोल्टला लागणारा जोर असतो साधारण एक किलोग्रॅम-मीटर. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगावं, इतकाच. आपला पाना वीतभर, आणि त्यावर शेतात राबलेला हात. जोर किती पडतो ते सांगायला नको. गळायला लागलं की आवळायचं, हा आपल्याकडचा पक्का समज. जादा आवळल्यानं पॅकिंग चिरडतं, ओ-रिंग खाचेतून बाहेर येते, कव्हरच्या कडा बोल्टपाशी दबून मधे फुगतात, आणि गळती वाढते. आवळून थांबलेली गळती मी पाहिलीय, पण आवळून बिघडलेली त्याहून कितीतरी जास्त.

दुसरं लाडकं औषध म्हणजे सिलिकॉनची ट्यूब. पॅकिंगच्या जागी ट्यूबच पिळतात. बाहेर आलेली वळी दिसते, तेवढीच आतही वळलेली असते, ती कुणाला दिसत नाही. तिचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात आणि वरच्या कॅमला ऑइल कमी पडायला लागतं. स्प्लेंडरसारख्या गाडीला ऑइल कमी झाल्याचा दिवा नाही. इंजिन वाजायला लागेल तेव्हाच कळणार. सिलिकॉनला माझा सरसकट विरोध नाही. जिथं दोन कवचं आणि ब्लॉक असे तीन जोड एकत्र येतात, तिथं नखाएवढं लावायला हरकत नाही. भाकरीला लोणी लावल्यासारखं नको.

कव्हरचं पॅकिंग बदलणं तसं अवघड नाही, फक्त घाई नको. क्लचच्या बाजूचं, म्हणजे उजवं कव्हर उघडायचं तर आधी ऑइल सोडायचं. एका पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून घ्यायचा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्या त्या जागी पुठ्ठ्यात खोचायचा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात घालून आवळला की कवच तडकतं. जुनं पॅकिंग खरवडायला पोरं सरळ ब्लेड घेतात. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तो पुढच्या गळतीचा पाट झाला समजा. डिझेल लावून मऊ करा, लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या, वेळ लागू द्या. कव्हर काचेवर पालथं ठेवून हलतंय का बघा. डुगडुगलं तर ते वाकडं आहे, पॅकिंग कितीही बदला. बसवताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळायचे. आणि उजवं कव्हर उघडलंच आहे तर क्रँकच्या टोकावरची चकतीसारखी डबी, म्हणजे फिरून फिरून घाण बाजूला टाकणारा फिल्टर, साफ करून घ्यायचा. स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतोच. ही डबी आणि खालची जाळी एवढंच आहे. कित्येक गाड्यांत ती जन्मात उघडलेली नसते. आत काळ्या मेणासारखा थर निघतो.

आता चेनच्या पुढच्या गिअरपाशी, म्हणजे फ्रंट स्प्रॉकेटपाशी होणारी गळती. दूधवाल्यांची ही खास. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, मधे स्वतः आणि चेन ताणून घट्ट केलेली. ढिली चेन वाजते म्हणून लोक ती ताठ करतात. पण वजन पडून मागचे शॉकअप दबले की ताठ चेन आणखी ताणली जाते आणि दांड्याला मागं ओढत राहते. बेअरिंग झिजतं, दांडा किंचित डुलायला लागतो, सीलची कड त्याच्या मागं मागं धावून थकते. डावं कव्हर उघडलं की आत ऑइल, ग्रीस आणि मातीचा मूठभर लगदा. हे सील बाहेरून निघतं, त्यासाठी इंजिन फोडायची गरज नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं. सीलच्या सपाट अंगात एक बारीक स्क्रू अर्धवट पिळायचा आणि पक्कडीनं ओढायचा. दांड्याला आणि घराला ओरखडा जाता कामा नये. जुन्या सीलवर माप छापलेलं असतं, तेच घेऊन दुकानात जायचं. नवं बसवताना दांड्याच्या खाचांवर पातळ पॉलिथिन गुंडाळायचं, नाहीतर खाचा नवी कोरी कड कापतात. कडेला ऑइलचं बोट लावायचं आणि त्याच गोलाईच्या जुन्या बेअरिंगच्या कड्यानं हळूहळू, सरळ ठोकत बसवायचं. सील लावूनही पंधरवड्यात पुन्हा गळलं तर दांडा हातानं वर-खाली हलवून बघा. हलत असेल तर बेअरिंगच गेलंय. चेनला मधोमध साधारण अडीच सेंटिमीटर खेळ ठेवला असता तर त्याच्यावर ही वेळ इतक्या लवकर आली नसती.

कधी कधी सगळं नवीन टाकूनही गाडी गळतच राहते. एक सील बदललं की दुसरीकडून, तिथं बदललं की तिसरीकडून. माजलगावकडच्या एका शेतकऱ्याची जुनी सीडी अशीच आली होती. पॅकिंगचा पूर्ण सेट नवा, तरी किकच्या दांड्यापासून गिअरच्या दांड्यापर्यंत सगळीकडं ओल. अशा वेळी राखणदारांना दोष देऊ नये, आतून त्यांना कोण ढकलतंय ते बघावं. पिस्टन खाली आला की त्याच्याखालची हवा दबते. तिला बाहेर सोडायला एक नळी असते, ब्रीदर. जुन्या गाड्यांत ती खाली मोकळी सोडलेली, नंतरच्यांत एअर फिल्टरच्या डब्यात गेलेली. या गाडीच्या नळीचं तोंड मातीनं गच्च बुजलेलं होतं. पावसाळ्यात कापसाच्या रानातून गाडी काढली की काळी माती चिकटते ती कोयत्यानं खरवडावी लागते, आणि कुंभारीण माशीला तर घर करायला अशी नळी लाभतेच. तारेनं नळी मोकळी केली आणि दाब गेला. नव्या सेटचा खर्च होऊन गेला होता, त्याला इलाज नाही.

नळी मोकळी असूनही ऑइल ढकललं जात असेल तर इंजिन चालू ठेवून ऑइल मापायची काडी सैल करून बघा. थोडी फुसफुस चालते. धुराचा झोत येत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. जळणाचा दाब खाली उतरतोय. तिथं पॅकिंग बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेणं. सरळ सांगावं, बोअर-पिस्टनचं काम आहे, जमेल तेव्हा करा, तोवर दर आठवड्याला ऑइल बघत जा.

आणि ऑइल बघायचं कसं, हेही सांगून ठेवतो. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायची, थोडं थांबायचं, काडी पुसून भोकात नुसती ठेवायची, आटे फिरवायचे नाहीत. बाजूच्या स्टँडवर माप चुकतं, मग लोक वरून ओततात, आणि जादा ऑइल ब्रीदरमधून बाहेर पडलं की पुन्हा “गळती” घेऊन येतात. गळती थांबावी म्हणून ट्रॅक्टरचं जाड ऑइल किंवा कारचं महागडं ऑइल घालणारेही आहेत. या इंजिनात क्लच त्याच ऑइलात भिजतो. कारच्या ऑइलनं तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए लिहिलेलं, १०डब्ल्यू-३० ऑइल घ्या आणि विषय संपवा.

जुन्या बुलेटवाल्यांना यातलं सगळं लागू नाही. १९५५ साली मद्रासला जुळायला लागलेल्या त्या जातीत ऑइलची टाकी वेगळी. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि पंप झिजलेला असला की टाकीतलं ऑइल आपोआप खाली क्रँकमध्ये उतरतं. सुरू केली की ब्रीदरमधून ओकते, आणि मालक घाबरतो. ती फुटलेली नसते, तुंबलेली असते. राजदूतची तऱ्हा अजून निराळी. दोन-स्ट्रोक, गिअरचं ऑइल वेगळं. क्रँकचं आतलं सील गेलं की ते ऑइल क्रँकमध्ये ओढलं जाऊन जळतं. खाली एक थेंब नाही, मागं पांढरा लोट, आणि गिअरबॉक्स कोरडा. बाहेर दिसत नाही ती गळती जास्त वाईट.

ओल आणि थेंब यांत मात्र फरक करायला शिका. वीस वर्षांच्या गाडीच्या जोडावर थोडी ओल आली, धूळ चिकटली, तर महिन्यातून एकदा पुसा आणि गाडी चालवा. थेंब पडत असेल, काडीवरची पातळी उतरत असेल, तर काम काढा. आणि ऑइल मागच्या टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमकडं जात असेल तर त्याच दिवशी थांबा. धारूरच्या घाटात वळणावर टायरला ऑइल लागलेली गाडी कशी सरकते ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही.

धुतलेलं काळं डिझेल आणि काढलेलं ऑइल मी कॅनमध्ये साठवतो. आमच्याकडं ते नाल्यात ओतायची किंवा वाळवीसाठी दाराच्या चौकटींना फासायची रीत आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणं वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणी असलेल्यालाच द्यायचं असतं. उन्हाळ्यात ज्या विहिरीत चार हंडे पाणी उरतं, तिच्या वरच्या अंगाला ते ओतणाऱ्याला मी दारात उभा करत नाही.

राहता राहिली मजुरी. रिंगेचे पैसे लोक खुशीनं देतात, सीलचेही देतात. धुणं, पावडर, फिरवून आणणं आणि तासभर खाली बसून बघणं, याचे मागितले की तोंड वाकडं. तात्यांनी तर सरळ विचारलं, “एवढीशी रिंग टाकली, त्याचे एवढे?” मी म्हणालो, रिंगेचे वेगळे लिहिलेत, वरचे शोधायचे आहेत. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, धोतराच्या कनवटीतून नोटा काढल्या, आणि त्यातली एक परत ठेवून घेतली. पुढच्या महिन्यात ते त्यांच्या भावाची गाडी घेऊन आले, आणि आल्या आल्या म्हणाले, “घरी धुऊनच आणलीय. आता निस्ती पावडर टाका, अन् मजुरी कमी करा.”